नकाशाचा खाल्लेला कोपरा

मी सव्वीस वर्षं शाळेत शिपाई होते. शिक्षण चौथी. या अंकाच्या संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हणाले, घंटा वाजवली आणि रांजण भरले, यात लिहायचं काय? ते म्हणाले, मास्तरांच्या आठवणी दर दिवाळीला येतात, शिपायाची अजून एकही आली नाही. ते खरं आहे. मास्तर लोक आठवणीत आम्हाला एका ओळीत बसवतात, तेही चहा आणायला.

घंटेबद्दल मी लिहिणार नाही. नकाशांबद्दल लिहिणार आहे. सव्वीस वर्षांत मला एकदाच असा धक्का बसला की चालत्या एसटीत बसल्या जागी हातपाय गार पडले. तो धक्का एका नकाशामुळे बसला. ती गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यात, अगदी कडेला. पांदीच्या पलीकडचं शेत नांदेड जिल्ह्यात, अलीकडचं आमच्यात. गाव कधी जागचं हललं नाही, पण जिल्हा दोनदा बदलला. मी लहान असताना आम्ही बिदरचे होतो. मग उस्मानाबादचे झालो. मग लातूर जिल्हा नवा झाला आणि आम्ही लातूरचे झालो. माझी सासू मरेपर्यंत बिदरच सांगायची. कोणी सुधारलं तर म्हणायची, "मला इचारून बदलला का?"

शाळा सातवीपर्यंत. माझे मालक तिथे शिपाई होते. ते वारले आणि त्यांची जागा मला मिळाली. पहिल्या दिवशी हेडमास्तरांनी मला किल्ल्यांचा जुडगा दिला आणि कोपऱ्यातले सात नकाशे दाखवले. म्हणाले, "मुलांना काही झालं तर चालेल, नकाशांना होता कामा नये." ते गमतीनं बोलले होते. मी ते फार मनावर घेतलं.

शाळेचा नकाशा म्हणजे कापडावर डकवलेला कागद. वर एक काठी, खाली एक काठी. खालून वर गुंडाळत आणायचा, फीत बांधायची आणि कोपऱ्यात उभा करायचा. सोपं वाटतं, पण नवा मास्तर हमखास उलटा गुंडाळतो आणि कागदाला चिरा पडतात. म्हणून मी कुणाला हात लावू देत नसे. तासाला मी टांगायचे, तास संपला की मीच काढायचे. कसर लागू नये म्हणून आत कडुनिंबाचा पाला घालायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत फाटलेलं डकवायचे. त्यासाठी मैद्याची खळ शिजवायची आणि कीड-उंदीर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं. अहमदपूरच्या एका वहीवाल्यानं मला ते शिकवलं होतं. मोरचूद पोटात गेलं तर वाईट, म्हणून खळीचं भांडं मी वेगळं ठेवायचे आणि मुलांना त्याच्या जवळ फिरकू देत नसे. एवढी मी सावध बाई.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. कुठल्याही शाळेत जा आणि जिल्ह्याचा नकाशा बघा. त्या शाळेचं गाव जिथे असेल तिथला कागद झिजलेला असतो. प्रत्येक पोरगं येतं आणि "आपलं गाव कुठं हाय?" म्हणत तिथेच बोट ठेवतं. बोटांनी आधी नाव जातं, मग रंग जातो, मग कागद जातो. बाकीचा जिल्हा कोरा करकरीत राहतो. आमचं गाव नकाशात वरच्या उजव्या कोपऱ्यात होतं. नकाशा गुंडाळला की तोच कोपरा सगळ्यात बाहेर यायचा. त्यामुळे तिथे दर वर्षी ठिगळ लागायचं.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. त्याचं वर्णन करत बसत नाही. ज्यांनी पाहिला त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना सांगून कळत नाही. शाळेपुरतं सांगते. निम्मी मुलं आईबापांबरोबर खडी फोडायला गेली होती. उरलेली सुकडीसाठी येत. सुकडी म्हणजे गूळ घातलेलं भाजकं पीठ. सरकारकडून पोत्यांनी यायची, कधी यायची आणि कधी नाही. आली की मी वाटीनं मोजून वाटायचे. मुलं ती फडक्यात बांधून घरी न्यायची, कारण घरी धाकटी भावंडं असत.

नकाशाचा कोपरा त्या वर्षीही फाटला. मैदा नव्हता. मोरचूदही संपलं होतं. हेडमास्तर म्हणाले, "पोतं झटकल्यावर तळाला भुगा राहतो ना, त्याची खळ करा." मी सुकडीचा भुगा आणि लाल मिलोचं, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीचं, थोडं पीठ कालवून शिजवलं. धड चिकटत नव्हतं, पण लावलं. चार दिवसांनी बघते तर ठिगळ नाही. नुसतं ठिगळ गेलं नव्हतं, त्याच्याखालचा कागदही कुरतडलेला होता. कडा ओलसर होत्या.

हेडमास्तर म्हणाले, "उंदीर."

मी पुन्हा ठिगळ लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ठिगळ लावलं आणि सापळा ठेवला. सापळा रिकामा आणि ठिगळ गायब. आता कोपऱ्याला तळहाताएवढं भोक पडलं होतं. आमचं गाव, शेजारची तीन गावं आणि हद्दीची रेघ, सगळं गेलं होतं. मला इतका राग आला की मी हेडमास्तरांना म्हणाले, "सर, पाटावर बसून जेवून राहिलेत उंदीर."

ते म्हणाले, "मग ताटात औषध वाढा."

उंदरांचं काळं औषध त्यांनीच आणून दिलं. वर बजावलं की बोभाटा करू नका, पालक घाबरतील. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी खळीत औषध कालवलं. पांढरा जाड कागद कापून भोकावर बसवला. वाळल्यावर त्यावर शाईनं आठवेल तसं काढलं. हेडमास्तर दुष्काळी कामाच्या याद्यांत गुंतलेले, त्यांना विचारायची सोय नव्हती. जिथे कागद फाटला होता तिथून खाली, फाटलेल्या कडेला धरून, मी हद्दीची सरळ रेघ ओढली. ठिगळाच्या मधोमध ठिपका दिला आणि गावाचं नाव लिहिलं. माझं अक्षर बरं आहे.

सोमवारी ठिगळ जागेवर होतं. पुढच्या सोमवारीही होतं. नंतर कधीच कुणी तोंड लावलं नाही. उंदीर मेलेला दिसला नाही, पण मला वाटलं, बिळात मेला असेल. "शिपाईबाईनं उंदरांना अद्दल घडवली," असं हेडमास्तर इतरांना सांगायचे. मीही सांगायचे. औषधाचं तेवढं सांगत नसे.

दहा वर्षं तो नकाशा त्या ठिगळासकट भिंतीवर राहिला.

मग नवा जिल्हा झाला. गावात फटाके वाजले. पाऊस त्या वर्षीही धड नव्हता, विहिरीचे तळ दिसत होते, पण जिल्हा मिळाला म्हणून लोक खूश होते. आता कामाला उस्मानाबादला जायला नको, लातूरला गेलं की झालं. शाळेत मात्र अडचण झाली. नव्या जिल्ह्याचा नकाशा छापून आला नव्हता, आणि कागद आला होता की सातवीच्या मुलांची नकाशावाचन स्पर्धा लातूरला होणार आहे.

त्याच वर्षी निर्मलाबाई आमच्याकडे बदलून आल्या होत्या. वयानं विशीच्या. त्या आमच्याच गावच्या. लहानपणी दोन-तीन वर्षं याच शाळेत होत्या. दुष्काळात त्यांचं घर उठलं आणि मामाकडे हदगावला गेलं. तिकडेच त्या शिकल्या आणि मास्तरीण होऊन परत आल्या. मला त्या पोरगी म्हणून अंधुक आठवत होत्या. एक शेंबडी, बारीक पोर, सगळे गेल्यावर वर्ग झाडायला थांबायची. आता त्या बाई होत्या, त्यामुळे मी त्यांना तुम्ही म्हणायचे आणि त्या मला मावशी म्हणायच्या.

त्यांनी स्पर्धेसाठी मथुराला निवडलं. मथुरा म्हणजे किराणा दुकानवाल्या आप्पांची नात. आईबाप नव्हते, आप्पांनीच वाढवलेली. बोलायला फटकळ आणि डोक्यानं तल्लख. स्पर्धेत पहिल्या येणाऱ्या मुलीला लातूरच्या एका वसतिगृहात मॅट्रिकपर्यंत फुकट जागा मिळणार होती. आमच्या गावात सातवीनंतर मुलींचं शिक्षण संपायचं. म्हणून आधी आप्पांची परवानगी घ्यायला निर्मलाबाई आणि मी दुकानावर गेलो.

आप्पा कपाळाला भस्म लावून पायरीवर बसलेले होते.

"शरणार्थ आप्पा," मी म्हणाले.

"शरणार्थ. मास्तरणीला संगं आणलीस म्हंजी कायतरी मागाया आलीस."

"मथुरीला पुढं शिकू द्या."

"कुठं? अहमदपूरला, एसटीनं? एसटी येणार का न्हाई ते डायवरला बी ठाऊक नसतंय."

निर्मलाबाईंनी वसतिगृहाचं सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "देवणीचे पाव्हणे बघून राहिलेत तिला. लई चांगली जित्राबं हायत त्यांच्याकडं."

"आप्पा, पोरगी माणसाला द्यायची हाय का बैलाला?" मी म्हणाले.

ते हसले, पण पुढचं हसून बोलले नाहीत. "नंबर आला तर धाडतो. शब्द हाय माझा. न्हाई आला तर पुन्यांदा ह्या पायरीवर ह्या कामासाठी यायचं न्हाई. दोघींनी बी."

आतून मथुरा ओरडली, "येतो की नंबर! न यायला काय झालं?"

तयारी सुरू झाली. मला आधी वाटायचं, नकाशा वाचायचा म्हणजे नावं वाचायची. तसं नसतं. खुणांवरून विहीर कुठली, देऊळ कुठलं, रस्ता पक्का की कच्चा हे ओळखायचं. नदी वाकडी असते, तिच्यावर दोरा अंथरायचा, मग तो दोरा सरळ करून मापाच्या पट्टीला लावायचा म्हणजे अंतर कळतं. सगळ्यात अवघड म्हणजे कोरा नकाशा. नुसती हद्द छापलेली असते. त्यावर अंदाजानं गावं भरायची.

शाळा सुटली की आम्ही तिघी नकाशा फरशीवर पसरायचो. मथुरा डोळ्यांना ओढणी बांधून बसायची आणि मी गाव सांगायचे. ती बोट फिरवून ठेवायची. उदगीर, निलंगा, औसा. बोट एक पेरही इकडेतिकडे होत नसे. बोट चुकलं की मी "पडलीस गं नदीत!" म्हणायचे आणि ती ओढणीखालून जीभ काढायची. निर्मलाबाईंचा एकच नियम होता. "मनानं सांगायचं नाही. नकाशात आहे तेच सांगायचं."

जुन्या नकाशावर नवा जिल्हा दाखवायला आम्ही लाल दोरा डकवला. लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर, या पाच तालुक्यांभोवती. निर्मलाबाई दोरा धरायच्या आणि मी खळ लावायचे. फिरत फिरत आमच्या कोपऱ्याशी आलो तेव्हा त्यांनी दोरा माझ्या हातात दिला.

"हा कोपरा तुम्हीच करा मावशी."

"का हो?"

"तुमचंच ठिगळ आहे ना ते."

मी खुशीत उंदरांची गोष्ट सांगितली. ठिगळ तीनदा कसं खाल्लं, आणि मग मी कशी अद्दल घडवली. मथुरा खो खो हसली. निर्मलाबाई उठून खिडकीशी गेल्या. मला वाटलं, त्यांना उंदरांची किळस असेल. मी ठिगळावर ओढलेल्या माझ्याच रेघेवरून दोरा नेला आणि गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी मथुरानं विचारलं, "मावशी, आपलं गाव दोऱ्याच्या भाईर का हाय?"

मी बघितलं. ठिपका खरंच दोऱ्याच्या बाहेर, पांढऱ्या कागदावर होता. क्षणभर मलाही खटकलं. पण ते ठिगळ मी लावलं होतं, अक्षर माझं होतं, आणि दहा वर्षांत कुठल्या मास्तरानं त्यावर बोट ठेवलं नव्हतं. चौथी शिकलेल्या बाईला एवढ्याचा केवढा ताठा असतो ते मला आता कळतं. मी म्हणाले, "कडेचं गाव हाय. कडेची गावं अशीच दिसत्यात. बाईंनी काय सांगितलंय? नकाशात हाय तेच खरं."

"हाव," ती म्हणाली आणि तसंच पाठ केलं. निर्मलाबाईंच्या कानावर घालावं असं दोघींनाही सुचलं नाही. बाई तर त्या कोपऱ्याकडे बघतच नसत.

स्पर्धा फाल्गुनात झाली. लातूरच्या एका मोठ्या शाळेत. मथुरा आणि बाई दोघीच कशा जाणार, सोबत पाहिजे म्हणून मलाही नेलं होतं. लेखी झालं, त्यात मथुरा सगळ्यात पुढे होती. दोऱ्यानं अंतर मोजायचं झालं, त्यातही तीच. शेवटी तोंडी. फळ्याएवढा, काळ्या कापडावरचा कोरा नकाशा टांगला होता, नुसती नव्या जिल्ह्याची हद्द काढलेली. तीन परीक्षक खुर्च्यांवर. मी मागे दाराशी उभी होते.

मथुरानं खडूनं एकेक गाव भरलं. परीक्षक एकमेकांकडे बघून मान डोलवत होते. मग मधले साहेब म्हणाले, "शाबास. आता शेवटचं आणि सोपं. तुझं स्वतःचं गाव दाखव."

मथुरा सरळ वरच्या उजव्या कोपऱ्याकडे गेली, हद्दीच्या रेघेपासून पेरभर बाहेर गेली आणि ठळक ठिपका दिला.

सगळी खोली हसली.

"मुली, तुझं गाव कुठल्या जिल्ह्यात आहे?"

"लातूर."

"मग हे काय? हा नांदेड जिल्हा झाला."

मथुरानं नकाशाकडे बघितलं. तिलाही ते दिसलं असणार. पण ती म्हणाली, "आमच्या नकाशात असंच हाय सर."

"नकाशा चुकीचा असेल."

"नकाशा कसा चुकंल?" ती म्हणाली. "तुम्हीच चुकत असाल."

पुन्हा हशा झाला. साहेब हसले नाहीत. "जिला स्वतःचं गाव सापडत नाही, तिला पहिला नंबर कसा द्यायचा?" असं ते शेजारच्याला म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

माझ्या डोळ्यांसमोर ते ठिगळ आलं आणि त्यावरची ती सरळ रेघ. हद्द कधी फाटलेल्या कडेनं जाते का? मी गावालाच जिल्ह्याबाहेर ठेवलं होतं. दहा वर्षं. त्या दहा वर्षांत सातवी पास होऊन गेलेल्या प्रत्येक पोरानं तेच पाहिलं होतं. मी पुढे गेले.

"साहेब, चूक पोरीची नाही. नकाशाला ठिगळ मी लावलंय. रेघ मी चुकीची काढली."

"तुम्ही कोण?"

"शिपाई."

"मग बाहेर थांबा."

मी बाहेर थांबले. पहिला नंबर दुसऱ्या शाळेच्या मुलीला गेला, मथुराचा दुसरा आला. दुसऱ्या नंबराला कंपासपेटी होती. वसतिगृहाची जागा नव्हती.

परतीच्या एसटीत मथुरा पुढे खिडकीशी बसली. कंपासपेटी तिनं मांडीवर घेतली होती, उघडली नव्हती. निर्मलाबाई आणि मी मागच्या बाकावर. बराच वेळ मीच बोलत होते. माझ्यामुळं झालं, मला हात तोडून टाकावासा वाटतो, असलं काहीबाही. चाकूर मागे पडलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मावशी, तुमच्यामुळं नाही झालं. भोक पडलं नसतं तर तुम्ही रेघ काढलीच नसती."

"ते उंदरांनी पाडलं. उंदरांवर काय रागवायचं?"

"उंदीर नव्हते," त्या म्हणाल्या. "मी होते."

मला कळेना.

"मी झाडायला थांबायचे ना. पहिल्या दिवशी गुळाचा वास आला. नकाशाच्या कोपऱ्याला आला. आधी नुसतं चाटलं. मग कागद ओला होऊन सुटला, तो खाल्ला. माझ्या वाटणीची सुकडी आई धाकट्याला द्यायची, आणि मी शाळेत काही खाल्लं असेल म्हणून मला विचारायची नाही. तुम्ही पुन्हा लावलंत, मी पुन्हा खाल्लं. तुम्ही सापळा लावलात तेव्हा मला हसू आलं होतं." मग म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी त्या नकाशावर मीच मथुराला शिकवलं. त्या कोपऱ्याकडं बघायची मला लाज वाटायची, म्हणून बघितलं नाही. बघितलं असतं तर रेघ दिसली असती."

कडा ओलसर होत्या. सापळा रिकामा होता. उंदीर कधी कागदाच्या कडा ओल्या करत नाही. हे सगळं मला तेव्हाच दिसलेलं होतं आणि एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

आणि मग पुढचं आठवलं. शनिवारची दुपार. खळीचं भांडं. काळी पूड.

"किती वेळा खाल्लंस?" मी विचारलं. तुम्ही म्हणायचं भानच राहिलं नाही.

"तीनदा."

"चौथ्यांदा?"

"चौथ्यांदा कुठलं? त्या रविवारी मामा बैलगाडी घेऊन आले. आम्ही हदगावला गेलो. शनिवारी तुम्ही आत काहीतरी डकवत होता, मी दारातून बघितलं होतं. मनात म्हटलं, सोमवारी जाऊ. सोमवारी मी इथे नव्हतेच." त्या हसल्या. "मामा एक दिवस उशिरा आले असते तर ते पण खाल्लं असतं."

माझे हातपाय गार पडले. खरंच गार पडले. बाकाचा दांडा धरला तर तो हाताला लागेना. पुढे मथुराची वेणी दिसत होती, तिच्यापुढे ड्रायव्हरची टोपी, आणि मला एवढंच कळत होतं की ही शेजारी बसलेली बाई एका बैलगाडीमुळे बसली आहे. मामाचा बैल लंगडला असता, मामीनं आणखी एक दिवस थांबा म्हटलं असतं, तर मंगळवारी सकाळी मी दार उघडलं असतं आणि वर्गात… पुढचं मी लिहीत नाही.

"काय झालं मावशी? अंग एवढं गार का पडलं?"

"ऊन लागलं," मी म्हणाले.

त्यांनी मला पाण्याची बाटली दिली. मी पाणी प्यायले. तिच्याच हातचं प्यायले.

गावात उतरल्यावर निर्मलाबाई घरी गेल्या नाहीत. मथुराचा हात धरून सरळ आप्पांच्या पायरीवर गेल्या. मी मागून. चारदोन माणसं सामान घ्यायला उभी होती.

"नंबर?" आप्पांनी विचारलं.

"दुसरा."

"मग झालं तर. सांगितलं हुतं ना, या पायरीवर—"

"आप्पा, पोरगी चुकली नाही. नकाशा चुकला. त्याचा कोपरा दुष्काळात मी खाल्ला होता."

"काय खाल्ला?"

"नकाशा. सुकडीची खळ होती त्याला."

उभी असलेली माणसं आपापल्या पिशव्यांकडे बघायला लागली. त्या गावात दुष्काळात कुणी काय खाल्लं हे प्रत्येकाला माहीत होतं, पण कुणी बोलत नसे. निर्मलाबाई दुकानासमोर उभ्या राहून ते बोलल्या.

"जे खाल्लं ते मी भरून देते. मी अहमदपूरला खोली घेते. मथुरा माझ्यापाशी राहील आणि तिथल्या शाळेत जाईल. मी रोज एसटीनं इकडे येईन. एसटी नाही आली तर चालत येईन."

आप्पांनी कपाळावरचं भस्म पुसलं, की घाम पुसला, कुणास ठाऊक. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला ठाऊक हुतं का गं हे?"

"आज कळलं," मी म्हणाले. ते अर्धंच खरं होतं.

ते आत वळून म्हणाले, "मथुरे, जूनमधी बाईंच्या संगं जायचं. देवणीवाल्यांना म्या सांगतो."

मथुरानं तिथेच पायरीवर बसून कंपासपेटी उघडली.

ती अहमदपूरला निर्मलाबाईंच्या खोलीवर राहून मॅट्रिक झाली. आता भूमापन कार्यालयात आहे. लोकांच्या हद्दी मोजते. मागे भेटली तेव्हा म्हणाली, "मावशी, तुझ्यासारखी सरळ रेघ आमच्या कुठल्याच नकाशात न्हाई." ती अजून मला सोडत नाही, आणि सोडू नये.

नवे नकाशे आल्यावर जुने निकाली काढायचा कागद आला. मोडीत देण्याआधी मी त्या नकाशाचा कोपरा कापून घेतला. उकिरड्यावर टाकला असता तर शेळ्यांनी खाल्ला असता. इतक्या वर्षांत औषधात काय दम उरला असेल मला माहीत नाही, पण मी ती पाळी येऊ दिली नाही. मागच्या अंगणात जाळला, राख खड्ड्यात पुरली, वर दगड ठेवला आणि हात चुलीच्या राखेनं तीनदा घासले.

हेडमास्तर वारले. औषधाचं माहीत असलेली आता मी एकटीच उरले आहे. नोकरीत असताना सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, म्हणून सांगितलं नाही. हे खरं कारण आहे, दुसरं शोभेचं देत नाही. निवृत्त झाल्यावर सांगायला काही अडचण नव्हती, तरीही सांगितलं नाही. त्याला कारण नाही.

निर्मलाबाई आता नांदेडला असतात. हा अंक त्यांच्याकडे जातो, मला माहीत आहे. म्हणून लिहायला हो म्हणाले.

निर्मला, त्या दिवशी एसटीत तू विचारलंस, अंग एवढं गार का पडलं. ऊन लागलं नव्हतं.